धाकटीच्या फोटोवर फिरवलेला हात

७ जानेवारी

धाकटीनं चेहऱ्यात इंजेक्शनं घेतली आहेत. बातमी पक्की आहे, कारण ती सासूबाईंनी दिली, आणि सासूबाई अर्धवट माहितीवर तोंड उघडत नाहीत.

"डोळ्यांखालचे खड्डे भरून घेतलेत तिनं," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "फिलर म्हणतात त्याला. जेलसारखं काहीतरी असतं, सुईनं आत घालतात."

"रस्त्याचे भरतात तसे?"

त्या हसल्या नाहीत. "तुला आधी सांगणार होती. मग म्हणाली, नको, ताई हसतील."

म्हणजे मी हसणारी. बरं.

संशय मला आधीच आला होता. चेहरे बघणं हे माझं कामच आहे. खाली आमचा फोटो स्टुडिओ, वर घर. नवरा फोटो काढतो आणि मी ते कॉम्प्युटरवर साफ करते: पुटकुळ्या, डाग, दाढी करताना कापलेलं, डोळ्यांखालचं काळं. याला आमच्याकडे हात फिरवणं म्हणतात. "हात फिरवलास का?" असं नवरा विचारतो, मी हो म्हणते, मग फोटो गिऱ्हाइकाकडे जातो. कच्चा फोटो दुकानाबाहेर जात नाही आणि मूळ फोटो कधी पुसला जात नाही, हे दोन नियम सासऱ्यांच्या वेळेपासूनचे.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. दुपारी काउंटरवर बसते, फोन घेते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते. माझ्याहून बरीच लहान आहे. आज मी खाली गेले तर माझीच वाट बघत होती.

"कळलं ना तुम्हाला?"

"काय?"

"काय म्हणजे काय ताई, आईंच्या पोटात काही राहतं का? सांगा ना, कशी दिसतेय?"

"झोप झाल्यासारखी."

"तेच तर हवं होतं मला!" तिनं टाळीच वाजवली. मी टोमणा मारला होता. पण खरं तेच होतं. डोळ्यांखाली भरलेलं, गुळगुळीत, कुठं सुई लागल्याची खूण नाही. मी रोज तासन् तास बसून जे करते, ते हिनं थेट चेहऱ्यातच करून घेतलं.

"डॉक्टरना कुठला फोटो दाखवला माहितीय?" ती म्हणाली. "आपला सगळ्यांचा, आईंच्या वाढदिवसाचा. तुम्ही मला एक जास्तीची प्रत काढून दिली होती ना, तोच. म्हटलं, हे बघा, अशी दिसते मी."

त्या फोटोचा विषय मला नको असतो. सगळ्या घरावर हात फिरवला होता आणि हिच्या डोळ्यांखालचं काळं तसंच राहिलं होतं. कामाचा ढीग होता, तिच्यापर्यंत पोचेपर्यंत दमले होते. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सगळ्यांना धुतलंस आणि हिलाच विसरलीस होय गं, मोठे?" नंतर खोलीत नवरा म्हणाला, "मुद्दाम ठेवलंस?"

त्या दोन शब्दांवरून मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. आता मात्र असं म्हणायची संधी कुणाला देणार नाही.

१९ जानेवारी

आज कुटुंबाचा फोटो काढायला येणारी मंडळी आलीच नाहीत. नवऱ्यानं नवा लाइट लावून ठेवला होता. रिकामा कशाला घालवायचा म्हणून त्यानं धाकटीला स्टुलावर बसवलं. "बस गं जरा, उजेड बघायचाय."

उजेड बघता बघता दुपार गेली.

मी आतल्या खोलीत ओळखपत्रांचे फोटो कापत होते. दार उघडंच होतं. "हनुवटी जरा खाली. अंहं, एवढी नको. डोळे माझ्याकडे. लेन्सकडे नाही, माझ्याकडे." मग बराच वेळ नुसता शटरचा आवाज. मग धाकटीचं हसणं.

हेच शब्द त्यानं मला म्हटले होते. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आले होते मी. नोकरी मिळाली नाही, फोटोग्राफर मिळाला. तो फोटो अर्जाला लागलाच नाही, मोठा करून शोकेसमध्ये लागला आणि तिथेच राहिला. मला वाटायचं ते शब्द त्यानं त्या दिवशी माझ्यासाठी शोधून काढले. आज कळलं की ते कामाचे शब्द आहेत. शिंपी म्हणतो, हात वर करा. तसंच.

संध्याकाळी त्यानं धाकटीचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर टाकले आणि म्हणाला, "यावर हात फिरवायची गरजच नाही. बघ."

बघितलं. गरज नव्हती.

२४ जानेवारी

शोकेसमध्ये धाकटी लागली.

मी बाजारातून आले, तर नवरा आणि दीर दोघं काच पुसत होते. माझा फोटो उलटा करून भिंतीला टेकवलेला. दीर म्हणाला, "वहिनी, बायकोला दुकानात मांडलंय म्हणून मला आता भाव आलाय बघा." मी म्हटलं, "विकू नका म्हणजे झालं, भाऊजी." सगळे हसले. मीही हसले. काचेत दिसलं मला, बरं जमलं होतं.

नवऱ्याला मी एकट्याला गाठून विचारलं. "रंग उडत चाललाय तुझ्या फोटोचा," तो म्हणाला. "रोज ऊन खातोय. आणखी दोन वर्षं तिथं राहिला तर नुसता कागद उरेल."

"मग माझाही उडालाच आहे की रंग."

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे..." एवढं म्हणून तो स्टूल घेऊन आत गेला.

माझा फोटो त्यानं आतल्या खोलीत, स्वतःच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकला. दुसरीकडे जागा नव्हती म्हणे. तिथे आता जुने पडदे, मोडका स्टँड आणि मी.

३ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ आज पासपोर्टचा फोटो काढायला आले. "शोकेसमधल्या बाई कोण हो? नवी मॉडेल?"

"माझी जाऊ."

"थोरली?"

"धाकटी. थोरली मी."

"हां हां, ते दिसतंच," असं म्हणून ते चटकन केस विंचरायला लागले. त्यांच्या डोक्यावर मोजून दहा केस आहेत. मी त्यांच्या फोटोवर अगदी हलका हात फिरवला.

धाकटीच्या पर्समधून डॉक्टरचं कार्ड काउंटरवर पडलं होतं. या इंजेक्शनवाल्या डॉक्टर आठवड्यातून एक दिवस इथे येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या गावांत. मी नंबर लावला. पलीकडून कुणीतरी छान आवाजात "बोला" म्हणालं. मी ठेवून दिला. काय बोलणार? माझ्या जावेला केलंत तसं करा?

धाकटी मला नको आहे असं नाही. ती चांगली आहे. माझं डोकं दुखलं तर न सांगता चहा आणून ठेवते. चांगली नसती तर सोपं गेलं असतं.

११ फेब्रुवारी

धाकटी आज पुन्हा गेली. या वेळी नाकापासून ओठांपर्यंतच्या रेघा. मला तर तिथे रेघ दिसत नाही, आणि मी कामानिमित्त तिचा चेहरा दुप्पट मोठा करून पाहिलेला आहे.

सकाळी म्हणत होती, "ताई, चला ना बरोबर. मला सुईची फार भीती वाटते. तुम्ही हात धरलात की झालं."

मी म्हटलं, शाळेचे फोटो उद्या द्यायचेत. ते परवा द्यायचे आहेत.

१२ फेब्रुवारी

सकाळी धाकटी खाली आली ती गालाला हात लावून. डाव्या नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत सुजलेलं. म्हणाली, काल सुई आत गेली तेव्हा तेवढा भाग पांढराफटक पडला होता. डॉक्टरनं चोळला, म्हणाल्या होतं असं. घरी आल्यापासून ठणका थांबलेला नाही.

डॉक्टरना फोन लागला. त्या दुसऱ्या गावी. "फोटो पाठवा," म्हणाल्या. धाकटीनं फोनवरून पाठवला. त्यांचा निरोप आला: अंधुक आहे, रंग कळत नाहीत, तुमच्याकडे स्टुडिओ आहे ना, नीट उजेडात काढून पाठवा.

नवरा फोटोंच्या कामासाठी शाळेत गेला होता. मीच काढला. लाइट समोरून सरळ, सावली नको म्हणून. "हनुवटी खाली," मी म्हटलं. "माझ्याकडे बघ."

मोठ्या स्क्रीनवर उघडला आणि मी बघत राहिले. जांभळ्या रेघांचं जाळं. मधेमधे पांढुरकं. चिरा गेलेल्या बशीसारखं, नाकपुडीच्या कडेनं वर चढत गेलेलं. मी आणखी मोठं केलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते: बरं वाटलं. शोकेसमधला चेहरा माझ्यासमोर तसा पडला होता आणि तो तसा दिसतोय हे फक्त मला माहीत होतं.

मग नवऱ्याचे शब्द आठवले. मुद्दाम ठेवलंस?

म्हटलं, नाही. या वेळी नाही. डॉक्टर झाली तरी परकीच बाई. तिच्यापुढे आपल्या घरची बाई अशी पाठवायची नाही. मी हात फिरवला, आणि मन लावून फिरवला. जांभळं काढलं, पांढरं शेजारच्या कातडीशी जुळवलं, ओठाची सूज जराशी बसवली. गेल्या वर्षभरात इतकं स्वच्छ काम कुणावर केलं नसेल. मग पाठवला.

डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं. साधी सूज आहे, त्वचेचा रंग चांगला आहे, काळजीचं कारण नाही, बर्फ लावा, दोन दिवसांत उतरेल.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही होतात म्हणून ताई," म्हणाली आणि बर्फ घ्यायला वर गेली.

आज दिवसभर मला फार हलकं वाटतंय. आता कुणी काही म्हणून दाखवावं.

१५ फेब्रुवारी

सूज उतरली नाही. नाकाशेजारी बारीक पिवळे फोड आलेत आणि कातडी राखाडी दिसते. धाकटी झोपूनच आहे.

अख्खं घर तिच्या उशाशी. सासूबाई तिला चमच्यानं सूप भरवतात. मला मागे एवढा ताप आला होता तेव्हा त्यांनी दारातून विचारलं होतं, "उठवतंय का?" नवरा कामावरून येताना तिच्यासाठी फळांचा रस घेऊन आला. बाटली थंड होती, वाटेत बर्फात ठेवून आणलेली. मी दारात उभी होते. माझ्यासाठी नव्हती. मी निरोगी आहे, मला कशाला लागते.

डॉक्टरना दिरानं दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्या जरा चिडल्या म्हणे. "मी फोटो पाहिलाय. तुमची मंडळी घाबरट आहेत."

धाकटीनं मला विचारलं, "ताई, आणखी एक फोटो काढता?" मी म्हटलं, तुला जिना उतरवणार नाही, उद्या बघू. कॅमेरा वर आणता आला असता. पण या चेहऱ्यावर कितीही हात फिरवला असता तरी मागच्या फोटोशी जुळला नसता.

१६ फेब्रुवारी

धाकटीच्या नाकाशेजारची कातडी मरते आहे. हे हॉस्पिटलमधल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दिरानं घरी येऊन सांगितलं. दीर नेहमी बोलताना हात हलवतो. आज हात खिशात होते.

ते जेल रक्ताच्या नळीत गेलं. नळी तुंबली, पुढच्या कातडीला रक्त मिळेना. ते विरघळवायचं इंजेक्शन असतं. पहिल्याच दिवशी दिलं असतं तर बहुतेक सगळं वाचलं असतं. आता देतायत, पुन्हा पुन्हा देतायत, जितकं वाचेल तितकं. बर्फ तर लावायलाच नको होता. खड्डा राहील, व्रण राहील. आणि तेच जेल डोळ्याच्या नळीकडे चढलं असतं तर त्या डोळ्याची नजर गेली असती.

"पहिल्या दिवशी रंग कसा होता, असं विचारत होते डॉक्टर," दीर म्हणाला. "ही म्हणते जांभळा होता, जाळीसारखा. त्यांनी त्या इंजेक्शनवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणतात, मी तेच बघायला फोटो मागवला होता. जाळी दिसली असती तर मी तशीच गाडीत बसून आले असते. पण माझ्याकडे स्टुडिओतला फोटो आहे आणि त्यात कातडी स्वच्छ आहे."

माझ्या हातात ताट होतं. मी ते ओट्यावर ठेवलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांनी विचारायला हवं होतं, फोटो कच्चा आहे का म्हणून. स्टुडिओतला फोटो कच्चा नसतो हे कुणालाही माहीत असतं. ठणका थांबत नाही म्हणून सांगितलं होतं, ते ऐकायला हवं होतं. ज्यांनी सुई टोचली त्यांनी येऊन बघायला हवं होतं. मी काय, मी फोटो साफ करते. मी तिला चांगलंच दाखवलं. वाईट दाखवलं असतं तर...

तर तिचा चेहरा वाचला असता.

१८ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. धाकटीचा निम्मा चेहरा पट्टीखाली आहे. मला बघून तिनं हात पुढे केला. त्या दिवशी सुईच्या वेळी जो धरायचा होता तोच.

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं हळू विचारलं, ओठ हलवता येत नाहीत म्हणून आणखीच हळू. "ताई, तुम्ही बघितलं होतं ना? जांभळं होतं ना?"

"का गं?"

"सगळे म्हणतात मला भास झाला. फोटोत काही नाही म्हणतात. हेही काल म्हणाले, तू भीतीनं काहीतरी बघितलं असशील. मी आरशात बघितलं होतं हो ताई. आता मलाच वाटायला लागलंय की मी खोटं बोलतेय."

मी म्हटलं, "सूज होती."

"आणि रंग?"

"लाइटमध्ये नीट कळलं नाही."

ती बरं म्हणाली. तिचा हात अजून माझ्या हातात होता. तो तिनं काढून घेतला असता तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

धाकटी घरी आली. पट्टी निघाली आहे. नाकपुडीच्या कडेला काळी खपली, अंगठ्याएवढी, आणि ओठाचा कोपरा वर ओढल्यासारखा. सासूबाईंनी घरातला मोठा आरसा काढून स्वतःच्या खोलीत नेला, "माझा चष्मा जुना झालाय" असं कारण सांगून. कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी तिनं माझ्या नवऱ्याला निरोप पाठवला. "दादांना सांगा, शोकेसमधला फोटो काढा. मला खिडकीतून समोरच्या दुकानाच्या काचेत दिसतो."

नवऱ्यानं लगेच काढला. रिकाम्या चौकटीपुढे उभा राहून मला म्हणाला, "तुझा परत लावू?"

महिनाभर याच प्रश्नाची वाट बघत होते. एक दिवस तो ओशाळून विचारेल, मी जरा आढेवेढे घेईन, असं सगळं ठरवून ठेवलं होतं. "नको," म्हटलं.

"का?"

"उन्हानं खराब होईल."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "धाकटीच्या त्या दिवशीच्या फोटोचं मूळ दे. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना हवंय."

"कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुन्हा वापरलं मी."

"आपण मूळ पुसत नाही."

"चुकून झालं. गडबड होती त्या दिवशी."

तो माझ्याकडे बघत राहिला. लेन्स नसताना तो असं कमी बघतो. मग आत जाऊन टेबलाशी बसला. थोड्या वेळानं कात्री घ्यायला मी आत गेले. तो उठून गेला होता. मी त्याच्या खुर्चीत टेकले. तिथून मान वर केली की बरोबर माझा फोटो येतो समोर. बाकीच्या तिन्ही भिंती मोकळ्या आहेत. त्या भिंतीवर ऊन येत नाही म्हणून ती निवडली असणार.

फोटोत माझ्या हनुवटीवर एक पुटकुळी आहे. लग्नानंतर मी किती वेळा म्हटलं, द्या, हात फिरवते. त्यानं कधी दिला नाही. आळशी माणूस.

२३ फेब्रुवारी

मूळ फोटो मी पुसलेला नाही. तो माझ्या कॉम्प्युटरवर आहे, ओळखपत्रांच्या फोल्डरमध्ये, जिथे कुणी बघत नाही. आज पहिल्यांदा उघडला. बारा तारखेला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. बंद करून टाकला.

संध्याकाळी धाकटी जिना उतरून आपली आपण खाली आली. ओढणी नाकावरून घेतलेली. काउंटरमागे नेहमीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टरांना आता दर आठवड्याला फोटो हवाय. जसा आहे तसा पाठवा म्हणाले, काही सुधारायचं नाही." मग ओढणीतून हसली. "आता सुधारायचं म्हटलं तरी काय सुधारणार म्हणा. तुम्हीसुद्धा हात टेकाल."

मी काउंटरवरची पाकिटं सारखी केली.

"ताई, एक सांगू? हसू नका पण."

पुन्हा तेच. मी खरंच एवढी हसते का?

"या खुर्चीत बसलं की समोर तुमचा फोटो दिसायचा. काचेत उलटा, पण दिसायचा. लोक आत यायचे ते आधी त्याच्याकडे बघून. मग मला बघायचे. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, पण त्यांचा चेहरा उतरलेला कळायचा ना हो. मला वाटायचं, एकदा तरी आपण तिथं असावं. मग तो आईंच्या वाढदिवसाचा फोटो आला. सगळे कसे टवटवीत आणि मी मेली आजारी. म्हटलं, ताईंनासुद्धा जमलं नाही म्हणजे आपला चेहराच तसा."

"कुणाचा फोटो?" मी विचारलं. ऐकलं होतं, तरी विचारलं.

"तुमचा हो. आणखी कुणाचा?"

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि तिथून शोकेसकडे बघितलं. आता तिथे नुसती चौकट आहे आणि रस्ता. पण बरोबर, तिथून दिसत असणार. इतकी वर्षं मी आतल्या खोलीत बसत आले, कधी या बाजूनं बघितलंच नाही.

"जमलं नाही असं नव्हतं गं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

तेवढ्यात दीर आला आणि तिला वर घेऊन गेला. तिच्या गोळीची वेळ झाली होती. जिन्यावरून तिनं वळून माझ्याकडे बघितलं. तो प्रश्न तिच्या डोळ्यांत तसाच होता. डोळ्यांखाली अजून भरलेलं आहे, छान आहे. तेवढं मात्र नीट जमलंय त्या बाईंना.

नवऱ्याला मी जेवताना एवढंच म्हटलं, "उद्या धाकटीचा फोटो तुम्ही काढा. मला स्क्रीनशी काम आहे." त्यानं विचारलं, "मूळ सापडलं?" मी हो म्हटलं. त्यानं भांड्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाला, "मी तिथे थांबतो." थांबू का, असं विचारलं नाही.

उद्या दुकान उघडलं की धाकटी खाली येईल. दीरही येणार आहे, कारण फोटो लगेच हॉस्पिटलला पाठवायचा आहे. त्याआधी मी बारा तारखेचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडून ठेवणार आहे, एक मूळ आणि एक मी हात फिरवलेला. दिराला कळेल की त्याची बायको खरं बोलत होती. इंजेक्शनवाल्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दोन्ही फोटो दुपारपर्यंत जातील, ते काय ते ठरवतील. सासूबाई काय म्हणतील ते मला पाठ आहे. धाकटी काय म्हणेल ते नाही.

जिन्याच्या वळणावरून माझा स्क्रीन दिसतो. ती वळणावर येईपर्यंत मी तो बंद केला नाही, की झालं. बाकीचं ती विचारेल.